ऑक्सिजन संपला म्हणे, पण तो संपवला कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान पाचवर पंचगंगेतल्या मेलेल्या माशांची बातमी वाचली. वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहिते आहे. ‘पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण घटल्याने मासे मृत झाल्याचा प्राथमिक अंदाज’ एवढं सांगून बातमी संपली. शेजारी फोटो, त्यात पोती भरून मासे नेणारी पोरं आणि खाली ओळ, ‘मासे पकडण्यासाठी नागरिकांची झुंबड’. ते मासे कुणाच्या ताटात गेले, ते खावेत की नाही, यावर एक अक्षर नाही.

एखाद्याचा गळा आवळून जीव घेतला आणि डॉक्टरनं दाखल्यावर ‘श्वास थांबल्याने मृत्यू’ असं लिहून दिलं, तर आपण गप्प बसू का? मग माशांच्या बाबतीत हे दर उन्हाळ्यात का चालवून घेतो? ऑक्सिजन आपणहून कमी होत नाही. साखर कारखान्याची मळी, गावोगावचं सांडपाणी, कोल्हापूर शहरातल्या जयंती आणि दुधाळी नाल्यांतून येणारी घाण पाण्यात पडली की ती कुजवणारे जिवाणू लाखोंनी वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन तेच ओढून घेतात. त्यात मार्च-एप्रिलचं ऊन. पाणी तापलं की मुळातच त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास, तीसला साडेसात. बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, वाहणं थांबलेलं, म्हणजे खळखळून हवा मिसळण्याचीही सोय नाही. मासे जगायला लिटरमागे निदान चार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचंच प्रमाण आहे. ही सगळी माहिती सरकारकडे आहे, तुमच्या वार्ताहराला एका फोनवर मिळाली असती.

मी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावची. माहेर भोयाचं, वडलांची सगळी हयात जाळ्यावर गेली. मी स्वतः एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. हे सांगायचं कारण, तुमच्या बातमीत ‘पाण्याचे नमुने घेण्यात आले’ असं एक वाक्य आहे. ते नमुने कसे घेतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते विसरणं मला जमत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे अजून झुंजूमुंजू व्हायचं होतं, आबांनी हाक मारली, “ऊठ पोरी, मासं तोंड वर काढाय लागल्यात.” काठावर गेले तर बॅटरीच्या उजेडात दिसलं, रोहू, कटला, बारके मासे, सगळे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हवेसाठी धडपडत होते. तळाची वाम काठाच्या उथळ पाण्यात येऊन पडली होती. वाम अशी माणसाच्या पायाजवळ कधी येत नाही. आबा जाळं खाली टाकून नुसते उभे होते. त्या दिवशी हातानं धरता आले असते असे मासे, पण त्यांनी एकाला हात लावला नाही.

शाळेची किल्ली माझ्याकडे असते. तशीच गेले, काचेची बुचाची बाटली, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण घेऊन आले. बाटली पाण्यात बुडवून, हवेचा एकही बुडबुडा राहू न देता भरली, दोन्ही द्रावणं आत सोडली, बूच लावून उलटसुलट केली. विज्ञान शाखेच्या मुलांनी हा प्रयोग केलेला असतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो. माझ्या बाटलीत तो पांढराशुभ्र बसला. म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

उजाडल्यावर संबंधित कार्यालयाला फोन केला. साहेब आले दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी. तोवर वरून पाणी सोडून काळं पाणी पुढं ढकललेलं होतं. मासे मेले त्या डोहापाशी चिखल होता म्हणून ते घाटाच्या पायऱ्यांवरच थांबले. सोबतच्या माणसानं प्लॅस्टिकचा कॅन खळाखळा विसळला, अर्धा भरला, झाकण लावून गाडीत टाकला. ऑक्सिजन मोजायचा तर तो जागेवरच द्रावणं घालून बांधून ठेवावा लागतो. अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये, गाडीच्या हिसक्यांनी, वरची हवा पाण्यात मिसळत जाते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मेलेलं पाणीसुद्धा जिवंत दिसायला लागतं. मी हे बोलले. माझी बाटलीही दाखवली. उत्तर मिळालं, “मॅडम, खासगी नमुना आम्ही ग्राह्य धरत नाही.” ठीक आहे, धरू नका. पण मग तुमचा तरी नीट घ्या!

दुपार आणि पहाट यांत फरक किती असतो हे कुणी लक्षातच घेत नाही. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं. म्हणून नदीतला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवण्याआधी. मासे मरतात तेव्हा. दुपारी नमुना घेणारा माणूस नदीची सगळ्यात बरी वेळ गाठून येतो आणि तिची तब्येत उत्तम असल्याचं लिहून देतो. आमच्या गावचा अहवाल पुढं मागून मागून मिळाला, त्यात सगळं मर्यादेच्या आत होतं. कारवाई कुणावर करणार?

आणि दरवेळी ऑक्सिजनच दोषी असतो असंही नाही. सांडपाण्यातून अमोनिया येतो. पाण्याचा पीएच, म्हणजे ते आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, सात असेल तर त्या अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी, मुक्त रूपात असतो. त्याच पाण्यात कापड प्रक्रियेचं कॉस्टिकयुक्त पाणी मिसळून पीएच नऊवर गेला की हाच हिस्सा तिसऱ्या भागाच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, पण कल्ल्यांची आग करणारा भाग साठ-सत्तर पट. वरून सांडपाणी आणि मधे प्रक्रियेचं पाणी घेणाऱ्या आमच्या नदीला हे लागू आहे. पण त्यासाठी पीएच, तापमान आणि अमोनिया एकाच वेळी, एकाच जागी मोजले पाहिजेत. कॅनमध्ये ते कसं कळणार?

‘नदीत मासे पुन्हा दिसू लागले’ अशी बातमी आता पावसाळ्यानंतर येईल, याची मला खात्री आहे. कुठले मासे, ते विचारा. चिलापी कमी ऑक्सिजनवर तग धरते. मरळ आणि मागूर वर येऊन थेट हवा घेतात. तीच जाळ्यात येतात. शिंगाळा कुठं आहे? शिंपले कुठं आहेत? आमच्या लहानपणी उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूत पायाला शिंपले लागायचे. या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून काढतात. मासे गेले की शिंपल्यांची पुढची पिढीही गेली, आणि शिंपले गेले की दिवसभर पाणी गाळणारं कुणी उरलं नाही. दगड उलटला की त्याखाली चतुरांची पिल्लं, झिंगे दिसायचे. आता काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तिथं जगतात. नमुना घ्यायला आलेल्या माणसानं कॅन बाजूला ठेवून एक दगड उलटला असता तरी नदी किती दिवसांपासून गुदमरते आहे ते त्याला कळलं असतं, कारण पाणी वाहून जातं पण दगडाखालचे जीव एका रात्रीत बदलत नाहीत.

आता थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. कृष्णाकाठी मगर दिसली की तुमच्याकडे पहिलं पान, रंगीत फोटो, शिवाय वनखात्याची प्रतिक्रिया. मगरीची बातमी द्यावीच, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण ती मगर खाते काय, याचा विचार पान पाचवर कोपऱ्यात टाकलेला असतो. पंचगंगा नृसिंहवाडीला त्याच कृष्णेत मिसळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं दगावली तेव्हा नदी पहिल्या पानावर आली होती. तेव्हाही पाणी एका दिवसात बिघडलं नव्हतं, माशांनी ते आधी सांगितलेलंच असणार. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत आणि त्यातले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात. हे तरी पहिल्या पानाच्या लायकीचं वाटायला हवं होतं.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. नदीकाठच्या प्रत्येक भोई वस्तीत दोन माणसांना शिकवून बाटल्या आणि द्रावणं द्या, आणि त्यांनी पहाटे घेतलेला नमुना सरकारनं ग्राह्य धरावा. मासे वर आलेले सगळ्यात आधी त्यांनाच दिसतात. खर्च नगण्य आहे. दुसरी मागणी तुमच्याकडे. कालच्या बातमीतल्या नमुन्यांचा अहवाल येईल तेव्हा तो मागून घ्या आणि छापा. नमुना किती वाजता घेतला, कुठल्या ठिकाणी घेतला, ऑक्सिजन जागेवर बांधला होता की नाही, हेही छापा. अहवालात ते नसेल, तर नाही म्हणून छापा.

आपली,
पंचगंगाकाठची एक वाचक
(ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)