डिअर सर?

चि. सुयश,
अनेक आशीर्वाद.

मेल उघडू नकोस असं मीच ओरडून सांगितलं, म्हणून हे कुरियरने. परवा फोनवर माझा आवाज चढला. पण रात्री दोनला तुझ्या नावाने मेल आली, "डिअर सर, बिल सोबत जोडले आहे", आणि खाली झिप फाइल. तू मला डिअर सर कधीपासून म्हणायला लागलास? मी उघडली नाही. मंदामावशीने उघडली.

"बाबा, मी कुणालाच काही पाठवलं नाही," म्हणालास. तेच तर! हा वर्म, म्हणजे स्वतःच पसरत जाणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम, तुला विचारत नाही. तुझी पत्त्यांची यादी घेतो आणि तुझ्या नावाने सुटतो. परक्याची फाइल मावशीने उघडली असती का? भाच्याचं नाव दिसलं म्हणून उघडली.

मे २००० मध्ये आमच्या ऑफिसात 'आय लव्ह यू' अशी मेल आली. पाठवणारे आमचे हेडक्लार्क, सहीसुद्धा आठ्या घालून करणारे. सगळे हसले आणि मी उघडली. फाइलच्या नावाशेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, असं दिसत होतं; त्यापुढचं व्हीबीएस, म्हणजे हा प्रोग्रॅम आहे हे सांगणारं शेपूट, विंडोजने लपवलेलं. मनिलाहून निघालेला तो वर्म माझ्या आउटलुकमधल्या प्रत्येक पत्त्यावर गेला आणि जेपीजी फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःच बसला. त्यातच तुझा जावळाच्या दिवशीचा फोटो. आजीने इरकल नेसलेली, तू तिच्या मांडीवर, गुळगुळीत डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि भोकाड पसरलेलं. मूळ प्रत शरदकाकाकडे होती. ते प्रकरण तुला माहीतच आहे.

असो. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदललास का? सगळीकडून लॉगआउट केलंस? टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावलंस? मेल आपोआप दुसरीकडे फॉरवर्ड करणारा नियम सेटिंगमध्ये कुणी घालून ठेवलाय का, तेही बघ. पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहू शकतो. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेव, जोडलेली राहिली तर तीही जायची.

पुन्हा सुरू झालो. माफ कर. एवढ्या मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतोस, भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालंय माझं. आणि तुला मी पासवर्ड शिकवतोय.

मावशीला आजच फोन कर, ती घाबरलीय. आईने मेतकूट दिलंय, डबा परत पाठव. आणि फाइल पाठवायची असेल तर आधी फोन करून सांग, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझे,
बाबा