सहायक बिशप आणि सहीतले गाव

माननीय संपादक,

सहायक बिशप, म्हणजे मुख्य बिशपांच्या हाताखाली काम करणारे बिशप, नेमणे ही बिशपांची खासगी मर्जी असते, असे आमच्या मंडळीच्या बैठकीत अलीकडे ठासून सांगण्यात आले, म्हणून हे पत्र.

माझ्या आजीच्या १९३६ च्या दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर बिशपांच्या हातून होणाऱ्या विधीच्या) दाखल्यावर पिवळ्या पडलेल्या शाईत ‘फिलिप नासिक’ अशी सही आहे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेत बिशप आडनावाऐवजी आपल्या धर्मप्रांताचे (त्यांच्या अधिकाराखालच्या प्रदेशाचे) गाव लिहितात, आणि सहायकाला असे गाव मिळावे की नाही, हा प्रश्न थेट कायद्याचा होता. इंग्लंडच्या १५३४ च्या कायद्याने अशा पदांसाठी २६ गावे ठरवून दिली. बिशपांनी राजाकडे दोन नावे पाठवायची व राजाने त्यांतले एक निवडायचे, अशी त्यात तरतूद होती. राणी मेरीच्या काळात तो रद्द झाला, एलिझाबेथच्या काळात पुन्हा लागू झाला, पण सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८७० पर्यंत त्याखाली एकही नेमणूक झाली नाही. पुढे १८८८ च्या कायद्याने मूळ यादीबाहेरची गावे घेण्याची मुभा दिली.

हिंदुस्थानातले बिशप मात्र सरकारी सनदेने येत. कलकत्त्याचे पद १८१३ च्या आणि मुंबई-मद्रासची पदे १८३३ च्या सनदी कायद्यामुळे निर्माण झाली. त्यामुळेच पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरायाह यांना १९१२ मध्ये मद्रासच्या बिशपांचे सहायक म्हणून अभिषेक देऊन तेलुगू प्रदेशातल्या दोर्नाकलचा भाग सोपवण्याची वाट काढावी लागली. त्यांच्यासारख्या माणसासाठीही आधी कायद्यातली फट शोधावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते. १९२७ च्या इंडियन चर्च कायद्याने सरकारशी असलेले हे बंधन सुटले, आणि १ मार्च १९३० पासून इथली मंडळी आपले नियम स्वतः करू लागली.

आजीच्या दाखल्यावर सही करणारे फिलिप लॉइड १९२५ पासून मुंबईचे सहायक बिशप होते आणि १९२९ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा झाल्यावर त्याचे पहिले बिशप झाले. म्हणजे आपल्या धर्मप्रांताचे पहिले बिशप हे आधी सहायकच होते, आणि त्या पदाला मर्जीचे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

नेमणुकीचे सध्याचे नियम मराठीत वाचावेत म्हणून मी आमच्या मंडळीत विचारणा केली, पण प्रत मिळाली नाही. ते नियम मराठीत छापून प्रत्येक मंडळीच्या सूचना फलकावर लावावेत, ही धर्मप्रांताच्या जबाबदार मंडळींना नम्र विनंती.

— एक वाचक, शरणपूर, नाशिक