सर्व्हर बंद झाला म्हणून स्पीकर भंगारात जाऊ नये

महोदय,

आमच्या घरातला वायफायवर चालणारा स्पीकर गेल्या वर्षी एका सकाळी अचानक मुका झाला. वडिलांनी आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेल्या मैफली मी घरच्या हार्ड डिस्कवर आणून ठेवल्या आहेत आणि आई त्या रोज सकाळी ऐकते. डिस्क घरातली, राउटर घरातला, स्पीकरही घरातलाच. तरीही गाणे सुरू करण्याआधी तो स्पीकर परदेशातल्या कंपनीच्या सर्व्हरची परवानगी घेत असे. कंपनीने तो सर्व्हर बंद केला तेव्हापासून त्याच्यावरचा नारिंगी दिवा नुसता लुकलुकतो आहे. दुरुस्तीसाठी नेला तेव्हा कारागिराने मागचे झाकण उघडून एकेक भाग तपासून दाखवला. ॲम्प्लिफायर शाबूत होता, आवाज उमटवणारा कोन शाबूत होता, पॉवर सप्लायही ठीक होता. दुरुस्त करावे असे त्यात काही नव्हतेच.

असे व्हायलाच हवे होते का, याचे उत्तर 'स्क्वीझबॉक्स'च्या इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातल्या 'स्लिम डिव्हायसेस' या छोट्या कंपनीने संगणकावरचे संगीत घरच्या नेटवर्कवरून स्टिरिओपर्यंत पोहोचवणारी आपली पहिली पेटी २००१ मध्ये बाजारात आणली आणि त्यानंतरच्या पेट्या 'स्क्वीझबॉक्स' या नावाने विकल्या. २००६ मध्ये 'लॉजिटेक'ने ही कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये उत्पादन थांबवले आणि २०२४ मध्ये या पेट्यांसाठीची ऑनलाइन सेवाही बंद केली. एवढे सगळे होऊनही त्या पेट्या आज वाजत आहेत, कारण त्यांना गाणी पुरवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारे, होते आणि ते ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकावर चालत असे. स्वयंसेवक आता तेच सॉफ्टवेअर 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने सांभाळतात. पेटी आणि सर्व्हर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात हे उघड असल्यामुळे 'स्क्वीझलाइट' हा छोटा प्रोग्रॅम लिहिता आला, आणि तो रास्पबेरी पायवर चढवला की तळहाताएवढ्या त्या संगणकाचा तसाच प्लेअर होतो. आमच्या मुक्या स्पीकरच्या मागे सुदैवाने ऑक्सची, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज तारेने आत घेण्याची, खाच होती. तिथे मी असा एक रास्पबेरी पाय जोडला आहे आणि आईच्या मैफली पुन्हा सुरू झाल्या आहेत. पण ज्या स्पीकरला ती खाचही नाही, त्याच्या मालकाने काय करावे?

दोन-तीन खोल्यांत एकाच वेळी बिनचूक वाजण्याची करामत बंदिस्त यंत्रणेशिवाय जमत नाही, असा एक समज आहे. ही अडचण खरी आहे, म्हणून ती नीट सांगतो. सीडीच्या दर्जाच्या संगीतात दर सेकंदाला आवाजाच्या मोजमापाचे ४४,१०० नमुने वाजवायचे असतात आणि प्रत्येक उपकरणाचे घड्याळ किंचित पुढे-मागे चालते. स्वयंपाकघरातल्या स्पीकरने सेकंदाला केवळ तीन नमुने जास्त वाजवले, तर तासाभरात बाहेरच्या खोलीपेक्षा तो जवळजवळ पाव सेकंद पुढे जातो. तबल्याचा ठेका दोनदा ऐकू यायला त्याहून कितीतरी कमी अंतर पुरते. 'स्नॅपकास्ट' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर संगीताच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो, आणि प्रत्येक प्लेअर आपले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापेक्षा किती चुकते ते सतत मोजून आपली गती जुळवून घेतो. हे सारे घरातल्या घरात होते, इंटरनेटची तार काढली तरी होते, आणि त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते.

मोठ्या कंपन्यांना सामायिक मानक पूर्वी वर्ज्य नव्हते. सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन जो 'डीएलएनए' मंच स्थापन केला, त्यामुळे एका कंपनीच्या संगणकावरचे गाणे दुसरीच्या टीव्हीवर लावता येऊ लागले. हा मंच २०१७ मध्ये विसर्जित झाला, तरी ती उपकरणे आजही एकमेकांशी बोलतात, कारण त्यांच्यातले बोलणे एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हते. अनेक खोल्यांत एकत्र वाजण्याची नीट सोय मात्र त्यातून व्यवहारात कधी झाली नाही आणि तिथेच प्रत्येक कंपनीने आपापली स्वतंत्र वाट धरली. ग्राहकाचे नुकसान त्या वळणावर सुरू झाले, असे माझे मत आहे. वडिलांच्या मैफलींची मला आता तेवढी काळजी वाटत नाही. त्या 'फ्लॅक' या ध्वनी-फाइलच्या स्वरूपात आहेत. हे स्वरूप २००१ पासून खुले आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा अधिकृत इंटरनेट मानक-दस्तऐवजही प्रसिद्ध झाला. काळजी आहे ती वाजवणाऱ्या यंत्राची.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने उपकरण किती सहज दुरुस्त होते हे सांगणाऱ्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, लागणारी हत्यारे यांबरोबर सॉफ्टवेअर अपडेटचाही त्यात निकष आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करण्याची शिफारस आहे. स्पीकर, सेट-टॉप पेट्या आणि टीव्हीही लवकर त्यात यावेत. परंतु अपडेट किती वर्षे मिळणार एवढे विचारून भागणार नाही. अपडेट थांबल्यावर काय होणार, हेही विचारले पाहिजे. कंपनीला आपली सेवा अनंतकाळ चालवायला लावावे, असे माझे म्हणणे नाही. सेवा बंद करताना उपकरणाशी बोलण्याची भाषा प्रसिद्ध करणे आणि घरच्या नेटवर्कवरून वाजवण्याची मुभा शेवटच्या अपडेटमध्ये देणे मात्र तिच्यावर बंधनकारक असावे. हे उपकरण इंटरनेटशिवाय, घरातल्या डिस्कवरून वाजते की नाही, हे खोक्यावर, वीजबचतीचे तारे छापतात तसे, मराठीत आणि ठळक छापलेले असावे. यासाठी ग्राहक संघटनांनी विभागाकडे लेखी मागणी नोंदवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

– एक वाचक, सातारा