अण्णांच्या कानातले अडीच आटे

मॅडम,

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही संकोचाल.

अण्णांची हयात सोलापूरच्या पूर्व भागात जॉबरकी करण्यात, म्हणजे माग जुळवण्या-दुरुस्त करण्यात गेली. टॉवेलच्या मागांचा खडखडाट दिवसभर कानावर. हाक ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत, असं झालं तेव्हा तुमच्याआधी कानाच्या दुसऱ्या एका तज्ज्ञांकडे गेलो होतो. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडं सरकवला. "कॉक्लिया डॅमेज आहे, मशीन घ्या." अण्णांनी विचारलं, "कॉक्लिया म्हंजे काय हो?" तर साहेब हसून मला म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना." मला तरी कुठं ठाऊक होतं! फी मात्र आख्ख्या घराला समजावता येईल एवढी घेतली.

अण्णांनी तोच प्रश्न तुम्हाला विचारला. तुम्ही पंखा बंद केलात, खुर्ची त्यांच्यासमोर ओढलीत, तोंडावरचा मास्क काढलात आणि पावतीच्या पाठीवर एक वेटोळं काढलंत. मूळ शब्द ग्रीक, कोख्लिआस, म्हणजे गोगलगाय. आतल्या कानाचा हा भाग तिच्या शंखासारखा, म्हणून ते नाव. एवढ्यावर थांबला असतात तरी पुष्कळ होतं. पण अण्णा जॉबर होते हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, "काका, ग्रीक लोक स्क्रूलाही हाच शब्द वापरायचे. पाणी उपसायचा आर्किमिडीजचा स्क्रू असतो ना, त्यालासुद्धा."

अण्णा ताठ बसले. "आटे किती?"

"साधारण अडीच."

मग ते दोघा कारागिरांचं बोलणं झालं, मी नुसता बघत होतो. बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या पेशी वेटोळ्याच्या तोंडाशी असतात, गोंगाटानं आधी त्याच मरतात, परत उगवत नाहीत. म्हणून 'स' आणि 'फ' निसटतात. बातमी वाईटच होती. पण ती अण्णांना सांगितली गेली, माझ्यामार्फत नव्हे.

शिकलेली माणसं सोलापुरात चिकार आहेत हो. म्हाताऱ्या कामगाराचा प्रश्न हा प्रश्नच आहे असं मानणारी फार भेटत नाहीत.

पावती अण्णांच्या पाकिटात आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवून झाली. कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशा नावांची हाडं असतात, हे नातवाच्या पुस्तकात सापडल्यापासून त्यांना नवं खूळ लागलंय. हातोडा-ऐरण ठीक, पण घोडा कुठंय, असं ते मशीन तपासायला आल्यावर विचारणार आहेत. तयारीत राहा.

तुमचा,
अण्णांचा मुलगा