बाबा, प्रिंटरची वायर काढायची आहे

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर तुमची दोघांची प्रिंटरवरून जी जुंपली, ती ऐकून मला हसू आलं खरं, पण आईचं म्हणणं पटलं. तिला स्वतःच्या लॅपटॉपवरून एक पान छापायचं तर आधी बाबांचा कॉम्प्युटर चालू आहे का ते बघायचं. नसेल तर बाबांना सांगायचं आणि बाबा झोपले असतील तर ते उठेपर्यंत थांबायचं. म्हणून तिने वैतागून पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबलं. सकाळी बाबांनी कॉम्प्युटर लावल्याबरोबर त्याच अर्जाच्या सगळ्या प्रती धडाधड बाहेर आल्या आणि बाबांनी कागद वाया गेल्याचा हिशेब मांडला. बाबा, त्यात आईचं काही चुकलेलं नाही आणि प्रिंटरही बिघडलेला नाही.

सध्या प्रिंटर यूएसबी वायरने बाबांच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे आणि विंडोजमध्ये तो 'शेअर' केलेला आहे. म्हणजे आईचं पान आधी बाबांच्या कॉम्प्युटरकडे जातं आणि तिथून प्रिंटरकडे. मधला गडी झोपला की आईच्या लॅपटॉपवर 'ऑफलाइन' असं दिसतं आणि तिची कामं रांगेत साठत राहतात. कॉम्प्युटर जागा झाला की ती रांग मोकळी होते. बाबा कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि एका पानासाठी तो ठेवूही नये.

शिवाय ही शेअरिंगची पद्धत आता पूर्वीसारखी बिनघोर राहिलेली नाही. घरातले कॉम्प्युटर चुटकीसरशी एकमेकांना जोडणारी 'होमग्रुप' नावाची सोय विंडोज १०मध्ये होती, ती २०१८ साली काढून टाकली. मग २०२१मध्ये विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेतच सुरक्षेचं एक मोठं भगदाड सापडलं. 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने ते गाजलं. ते बुजवताना मायक्रोसॉफ्टने नियम इतके आवळले की कितीतरी ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर एका अपडेटनंतर दिसेनासे झाले. तुमच्याकडे पाहायला आलेल्या माणसाने 'दुसरा प्रिंटर घ्या' म्हणून सांगितलं, त्याची काहीएक गरज नाही. तुमच्या प्रिंटरमध्ये वाय-फाय आहे. आणल्या दिवसापासून ते कोणी चालूच केलेलं नाही, एवढंच.

तेव्हा माझं म्हणणं असं: वायर काढायची आणि प्रिंटर थेट राउटरला जोडायचा. मग बाबांचा कॉम्प्युटर, आईचा लॅपटॉप, दोघांचे फोन, सगळे त्याच्याशी परस्पर बोलतील. कोणाला कोणाची परवानगी लागणार नाही. (बाबा, प्रिंटर टेबलावर तुमच्या शेजारीच राहील. काळजी नसावी.)

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर सेटिंगमध्ये वायरलेस किंवा नेटवर्क असं काहीतरी असेल, तिथे जा. जवळपासच्या वाय-फायची यादी येईल. त्यात 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारं एखादं नाव दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ते कुठल्या तरी प्रिंटरचं स्वतःचं छोटं वाय-फाय असतं, कदाचित शेजारच्यांच्या प्रिंटरचं. पाहुण्यांसाठी आपण जे वेगळं वाय-फाय ठेवलंय तेही नको, कारण त्यावरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. आपलं नेहमीचं नाव निवडा. बरेच प्रिंटर वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात, त्यामुळे '५जी' (म्हणजे ५ गिगाहर्ट्झ) असं शेपूट असलेलं नाव कदाचित यादीत येणारच नाही. त्याने बिघडत नाही, दोन्ही एकाच राउटरची आहेत. पासवर्ड बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर शोधून भरावा लागतो आणि तिथे बाबांचा संयम सुटणार हे मी आत्ताच लिहून देते. त्यापेक्षा राउटरवर 'डब्ल्यूपीएस' असं लिहिलेलं बटण आहे का बघा. ते दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरही तोच पर्याय निवडा. पासवर्ड न भरता काम होतं.

आता खरी गोम. इथपर्यंत बहुतेक घरांत होतं, चार दिवस छान चालतं आणि मग प्रिंटर पुन्हा 'ऑफलाइन'. लोक प्रिंटरला शिव्या देतात, पण भानगड पत्त्याची असते. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता देतो, १९२.१६८.१.७ असा काहीतरी, आणि तोही ठरावीक मुदतीचा. हे लॉजमधल्या खोल्यांसारखं आहे. वीज गेली किंवा राउटर बंद करून चालू केला की आज सात नंबरमध्ये असलेला प्रिंटर उद्या बारामध्ये सापडतो, आणि आईचा लॅपटॉप मात्र साताचं दार ठोठावत बसतो. उपाय सोपा आहे. राउटरला सांगून ठेवायचं की ही खोली कायम प्रिंटरची. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात त्याला. त्यासाठी प्रिंटरचा मॅक ॲड्रेस लागतो, म्हणजे कारखान्यातून निघतानाच त्याला मिळालेला बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या, त्या कागदावर तो असतो. त्याचा फोटो मला पाठवा. राउटरमधलं काम बाबांच्या कॉम्प्युटरवरून मी इथे बसून करीन. प्रिंटरला १९२.१६८.१.५० हा पत्ता देईन म्हणते, लक्षात ठेवायला बरा.

मग दोन्ही कॉम्प्युटरवर जुनी नोंद काढून टाकायची आणि प्रिंटर नव्याने घालायचा. जुनी नोंद राहिली तर एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसतात, त्यातला एक मेलेला, आणि हात नेमका त्याच्यावरच पडतो. नवा घालताना विंडोज आपणहून जो सापडवून देतं तो मी घेणार नाही, पत्ता टाकून घालीन. आपणहून सापडलेल्याचं कधी बरं चालतं, कधी रुसतं. 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू दे' अशी एक खूण असते, तीही काढीन. ती असली की शेवटी वापरला तो प्रिंटर नेहमीचा ठरतो. आईचं मागचं पत्र कागदावर न येता पीडीएफ होऊन कुठेतरी जाऊन बसलं, ते बहुधा त्यामुळेच.

फोनचं सोपं आहे. आईच्या आयफोनमध्ये एअरप्रिंट ही वायरशिवाय छापायची सोय आहे, ती ॲपलने २०१०मध्येच आणली. बाबांच्या अँड्रॉइडमध्येही छपाईची सोय असते. फोटो उघडा, शेअर, प्रिंट. फक्त फोन घरच्या वाय-फायवर हवा. मोबाइल डेटावर असाल तर प्रिंटर दिसणार नाही.

बाबांच्या दोन शंका मला न विचारताच कळल्या. पहिली: दोघांनी एकदम छापायला दिलं तर पानं एकमेकांत मिसळतील का? नाही. एकाचं काम पुरं होतं, मग दुसऱ्याचं सुरू होतं. दुसरी: वाय-फायवरून जातं म्हणजे आपले बँकेचे कागद इंटरनेटवर जातात का? नाही. पान लॅपटॉपवरून राउटरकडे आणि राउटरवरून प्रिंटरकडे जातं, सगळं घरातल्या घरात. इंटरनेट बंद पडलं तरी राउटर चालू असेपर्यंत छपाई होते. प्रिंटरसोबत येणारं कंपनीचं ॲप खातं उघडायला आणि कुठूनही छापायची सोय घ्यायला सांगेल, तिथे 'नको' म्हणा. ती सोय मात्र इंटरनेटवरून जाते आणि आपल्याला ती लागत नाही.

बाबांना आवडेल अशी एक गोष्ट. कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडायची 'ईथरनेट' ही पद्धत जन्मली त्याचं एक कारण प्रिंटरच होता. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला होता आणि तिथल्या सगळ्या 'अल्टो' कॉम्प्युटरांना तो वापरता यायला हवा होता. त्या जोडणीचा विचार करताना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी ईथरनेटचं टिपण लिहिलं. तुमचं भांडण तेव्हापासूनचं आहे म्हणायचं.

एक सवय मात्र बाबांना बदलावी लागेल. प्रिंटर भिंतीवरच्या बटणावरून बंद करायचा नाही. त्याच्या अंगावरचं बटण दाबलं की शाईचं डोकं सरकत कडेला जातं आणि झाकणाखाली बसतं. तो आवाज थांबू द्यायचा. भिंतीवरून वीज तोडली आणि डोकं मध्येच उघडं राहिलं, तर शाई सुकून बारीक भोकं बुजतात. मग पानावर पांढऱ्या रेघा येतात आणि त्या घालवायला नळ्या साफ करण्यातच निम्मी शाई जाते. खरं तर प्रिंटर चालूच ठेवला तरी तो आपोआप झोपतो आणि अगदी थोडी वीज खातो. पान आलं की उठतो. आईला मधूनमधून एखादं रंगीत पान छापू द्या, शाईसाठी ते चांगलंच आहे.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. त्याआधी तो नेटवर्कच्या माहितीचा कागद तेवढा छापून ठेवा. स्कॅनचंही त्याच वेळी बघू, ते वाय-फायवरून होईल पण बाबांच्या कॉम्प्युटरवर एकदा नव्याने लावावं लागेल. आणि निघालेली यूएसबी वायर टाकू नका. राउटरच कधी बंद पडला तर ती लावून कोणाच्याही कॉम्प्युटरवरून छापता येईल. आईच्या लॅपटॉपवरूनही, बाबा.

तुमची,
लेक