‘३९’ म्हणजे नेमकं कोणतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हँडेल या संगीतकाराच्या ‘मेसाया’ या ख्रिस्ती गानरचनेवरचा लेख वाचला आणि तेव्हाच लिहायला बसले होते. घरच्यांनी हातात चहा देऊन ‘उद्या लिही’ म्हटलं, म्हणून आज. राग मात्र तेवढाच आहे.

लेखकमहाशयांचं म्हणणं असं, की पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, नोट्स त्याच, नेटवर फुकट मिळतात. तरी कॉयरवाले (म्हणजे आम्ही समूहगायक) परदेशी चिकित्सक आवृत्त्यांवर, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून छापलेल्या स्वरलिपीच्या पुस्तकांवर, पैसे उधळतात. वा! ज्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताच्या पोथ्या ताडून बघितल्या, तिथल्या पेपरात हे छापून यावं!

गेल्या डिसेंबरातली शेवटून दुसरी तालीम सांगते. माझ्याकडे फोर्टच्या फुटपाथवर मिळालेला नोव्हेलो या प्रकाशकाचा व्होकल स्कोअर (गायकांचे स्वर आणि पियानोची साथ असलेलं पुस्तक), वॉटकिन्स शॉ यांनी संपादित केलेला. काहींकडे बेअरनरायटर या जर्मन प्रकाशकाचा. उरलेल्यांना समितीने पैसे वाचवायला नेटवरची कुठलीशी जुनी प्रत झेरॉक्स करून दिलेली. तिला मुखपृष्ठ नाही, संपादकाचं नाव नाही, वर्ष नाही. (झेरॉक्सचे पैसे मात्र सगळ्यांकडून घेतले, माझ्याकडूनही.) संचालक म्हणाले, ‘थर्टी-नाइन!’, म्हणजे ३९ क्रमांकाचं गाणं. बेअरनरायटरमध्ये ३९ म्हणजे ‘हालेलुया’. शॉमध्ये ‘हालेलुया’ ४४वं, आणि ३९वं ‘देअर साउंड इज गॉन आउट’. पियानोवर ‘हालेलुया’ची डी मेजर पट्टी सुरू झाली, माझ्यासमोर ई फ्लॅट मेजर या वेगळ्याच पट्टीतलं पान. सुरुवातीला तीन बार (आवर्तनं म्हणा) नुसता पियानो असतो, तेवढ्यात सावरायला हवं होतं. मी सावरले नाही. मी गायले. ठणठणीत, एकटीच. झेरॉक्सवाले शांत होते, कारण त्यांच्या पानाचा वरचा भाग मशीनमध्येच कापला गेला होता, क्रमांकासकट. टेनर (वरच्या पुरुषी आवाजाची) मंडळी अजून मला ‘गॉन आउट’ म्हणूनच हाक मारतात.

आता तुम्ही म्हणाल, हा आवृत्त्यांचाच घोळ. अर्धं मान्य. दोन्हीकडच्या विद्वानांनी एकमेकांना विचारून क्रमांक दिले असते तर माझी अब्रू वाचली असती. पण हँडेलने तरी हे काम एकदाच कुठे लिहिलंय? ‘रिजॉइस ग्रेटली’ हे त्यातलं गाणं आधी १२/८ या तालात होतं, नंतर साध्या चार मात्रांत आलं. ‘हू मे अबाइड’ १७५० साली ग्वादान्यी या आल्टो, म्हणजे बासपेक्षा उंच आवाजाच्या, गायकासाठी नव्याने लिहिलं. आमच्या बासने (सर्वांत खालच्या आवाजाच्या गायकाने) ते जुन्या रूपात दोन महिने घोकलं आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात त्याला कळलं, की ते नव्या रूपात आल्टो गाणार आहे. चांगल्या आवृत्तीत कोणतं रूप केव्हाचं ते लिहिलेलं असतं. हँडेलची खूण कोणती आणि संपादकाने घातलेली कोणती, हेही छपाईतच वेगळं दिसतं. झेरॉक्समध्ये पानोपानी एफएफ आणि पीपी, म्हणजे ‘खूप मोठ्याने’ आणि ‘अगदी हलक्या आवाजात’ असे इशारे, आहेत. ते कोणी घातले, देव जाणे.

आणि बाख या संगीतकाराचा बी मायनर मास, ही त्याची ख्रिस्ती प्रार्थनेची रचना? त्याच्या हस्तलिखितावर मुलाने, कार्ल फिलिप इमानुएलने, नंतर हात फिरवला आणि त्याच्या काही दुरुस्त्या वडिलांच्या म्हणून छापल्या गेल्या. शेवटी क्ष-किरणांनी शाई तपासून बाप-लेकाचं अक्षर वेगळं काढलं, आणि २०१० मध्ये सुधारित आवृत्ती आली. नोट्स त्याच म्हणे! कोणाच्या, बापाच्या की मुलाच्या?

किंमत बघून डोळे पांढरे होतात, हे खरं. संपादकाच्या टिपांचा खंड पुष्कळदा वेगळा घ्यावा लागतो, हे त्याहून चीड आणणारं. त्यावर लिहा की कोणीतरी. मी टाळ्या वाजवीन.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत हँडेल म्हणून जे चित्र छापलंय ते बाखचं आहे. दोघेही १६८५ सालचे, दोघेही केसांचा टोप घालणारे, तेव्हा गल्लत समजू शकते. पण चित्रातल्या गृहस्थांच्या हातात एक कागद आहे. त्यावर सहा आवाजांचा कॅनन (एकच सूर एकामागून एक आवाजांनी उचलायची रचना) आहे आणि शेजारी बाखचं नावही आहे. तुमच्या छपाईत तिथे नुसता पांढरा ठिपका दिसतो, ती गोष्ट वेगळी.

आपली,
मागच्या रांगेतली एक आल्टो, पुणे