उडालं एकदाचं!
ओपनटीटीडी या वाहतूक कंपनी चालवायच्या संगणक गेमसाठी हौसेनं केलेलं माझं एटीआर ७२ विमान काल रात्री गेममधल्या धावपट्टीवरून उठलं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारी विमानं बघून सुचलेला हा उद्योग. आठ दिशांची आठ चित्रं काढताना नाकी नऊ आले, पण खरा घोळ रंगाचा. खिडक्यांना दिलेला निळा नेमका खेळाडूच्या कंपनीच्या रंगासाठी राखीव निघाला. कंपनीचा रंग लाल घेतला की खिडक्या तांबड्या, मिसळीच्या कटासारख्या! पॅलेटमधल्या, म्हणजे गेमच्या ठरलेल्या रंगांमधल्या, त्या ८ राखीव छटा टाळायच्या, हे रात्री एकला न वैतागता समजावणाऱ्या अनोळखी भावा, मनापासून आभार. आणि सावली गेम आपसूकच पाडतो, हे सांगून माझा रविवार वाचवणाऱ्या ताई, तुमचेही. (शनिवार तेवढा त्या सावलीतच गेला होता.) दोघंही कधी कोल्हापूरला आलात, तर मिसळ माझ्याकडून.